मनीमावशी आणि बिनओळखीचे उंदीर

उंदीर सांभाळणाऱ्या बाईला मनीमावशी म्हणायचं, हा आगाऊपणा पहिल्यांदा कुणी केला ते संशोधन संस्थेत आता कुणालाच आठवत नव्हतं. मावशींना आठवत होतं, पण त्या सांगत नसत, कारण तो आगाऊपणा त्यांचा स्वतःचाच होता. नोकरीच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी नाव विचारलं, तेव्हा त्या अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या होत्या, "मनी. इथे उंदीर फार झालेत ना, म्हणून ठेवलंय मला." विचारणाऱ्याने ते खरं मानलं. एकतीस वर्षांत मनीची मनीमावशी झाली आणि खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं.

संस्थेच्या तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला त्यांचं राज्य होतं. पहिलं दार उघडलं की कपडे बदलायची खोली. तिथे अंगरखा, टोपी, हातमोजे आणि बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या. दुसरं दार उघडलं की पिंजरे. भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर बुटाच्या खोक्याएवढे चारशे बारा पारदर्शक पिंजरे. प्रत्येकात भुसा, पाण्याची बाटली, दाण्यांच्या वड्या, आणि बाहेर अडकवलेलं एक कार्ड. कोण, कुणाचं पोर, कधी जन्मलं, सगळं त्या कार्डावर. मावशी दर आठवड्याला भुसा बदलत, आणि बदलताना प्रत्येक उंदराच्या कानावरची खाच कार्डाशी ताडून बघत. शाळा दहावीला सुटली होती, पण हा हिशेब त्यांनी कधी चुकवला नव्हता.

बूट न झाकता आत आलेल्याला त्या रागावत नसत. त्यांनी एक वही केली होती. वहीवर लिहिलं होतं, 'उंदरांच्या तक्रारी'. गुन्हेगाराला त्यात लिहून सही करावी लागे : आज मी बूट झाकले नाहीत, त्याबद्दल पिंजरा क्रमांक अमुकमधल्या मंडळींची माफी मागतो. त्या वहीत दोन संचालकांच्या सह्या होत्या, आणि एक मंत्र्याची. मंत्र्याने तर खाली शुभेच्छाही लिहिल्या होत्या.

फक्त एका माणसाची सही तिथे नव्हती. प्रतिकारशक्ती विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, ते या खोलीत बूट झाकून नाही, न झाकून नाही, कसेच आले नव्हते. अठरा वर्षांत दुसऱ्या दाराशी पोचायच्या आत त्यांना नेमका फोन यायचा. तो फोन वाजलेला मावशींनी एकदाही ऐकला नव्हता. उंदरांवर उभं आयुष्य काढलेला हा माणूस जिवंत उंदराला टरकतो, हे त्यांनी पहिल्याच वर्षी ओळखलं आणि कुणालाही सांगितलं नाही. अशी गोष्ट मुरू द्यावी, असं त्यांचं मत होतं.

मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली पीएचडी करायला आलेली मुलगी इतकी बारीक होती की मावशींनी तिचं नाव काडी ठेवलं. काडीनेही ते लावून घेतलं. ती दोन प्रकारच्या उंदरांवर काम करायची. दिसायला दोन्ही काळे, दोन्ही सारखेच गुबगुबीत, पण एका प्रकाराला मावशी 'साधे' म्हणत आणि दुसऱ्याला 'बिनओळखीचे', कारण काडीने तसं सांगितलं होतं. नेमकं काय सांगितलं होतं ते मात्र मावशींना पटेना. एका दुपारी मागच्या पायरीवर चहा पिताना त्यांनी तिला धरलं.

"नीट सांग. बिनओळखीचे म्हणजे काय?"

काडी म्हणाली, "आपल्या अंगात काही मारेकरी पेशी असतात, मावशी. बाकीचे पहारेकरी परकं कोण घुसलंय ते शोधतात. या मारेकरी उलटं करतात. आपलं काही हरवलंय का, ते बघतात. आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर 'मी इथलीच' असं सांगणारे रेणू असतात. मारेकरी पेशी येते, चाचपून बघते. रेणू हाताला लागले की तिचा लगाम ओढला जातो आणि ती पुढे जाते. नाही लागले, तर लगाम सुटतो."

"आणि मारते."

"मारते. पेशीत विषाणू शिरला किंवा ती कर्करोगाची झाली, की पुष्कळदा ती हे रेणू गायब करते, म्हणजे बाकीच्या पहारेकऱ्यांना चकवता येतं. पण मग ती नेमकी यांच्या तावडीत सापडते."

मावशींनी चहाचा घोट घेतला. "आणि या बिनओळखीच्या उंदरांच्या कुठल्याच पेशीवर ते रेणू नाहीत."

"जवळजवळ नाहीतच."

"मग यांच्या मारेकऱ्यांनी यांनाच खाऊन टाकायला हवं होतं. हे तर मेले लठ्ठ होतायत."

काडीने कप खाली ठेवला. "मावशी, या प्रश्नापाशी यायला मला दीड वर्ष लागलं."

"तू कॉलेजात होतीस. मी इथे होते."

मग काडीने पुढचं सांगितलं. बिनओळखीच्या उंदरांतही मारेकरी असतात, संख्येने तेवढेच असतात, पण ते सुस्त असतात. समोर बिनरेणूची पेशी आणून ठेवली तरी हलत नाहीत. जन्मतःच मारेकरी असून भागत नाही, शिकावं लागतं. ज्या मारेकरी पेशीला आपल्या घरचे रेणू भेटत राहतात, तीच तरतरीत राहते, आणि रेणू नसले की तिलाच ते कळतं. जिला ते कधी भेटलेच नाहीत, तिला काय हरवलंय याचा पत्ताच नसतो.

मावशींनी हे घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा निवृत्त झालेला. पस्तीस वर्षं एका थिएटरच्या दाराशी उभं राहून तिकिटं फाडलेली. भाजी निवडता निवडता त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. फुकट खेळाच्या दिवशी मी दारातच झोपायचो."

हे मावशींनी दुसऱ्या दिवशी काडीला सांगितलं, आणि काडीने ते आपल्या वहीत लिहून घेतलं.

आता भांडण कुठे होतं, तर हे शिक्षण कधी होतं यावर. मोठ्या डॉक्टरांचं ठाम मत होतं की मारेकरी पेशी कोवळ्या असताना जे शिकतात तेच. एकदा सुस्त झाली ती कायमची सुस्त. परदेशातल्या काही लोकांनी तसं नसल्याचं छापलं होतं, डॉक्टरांनी ते वाचलंही होतं, आणि समासात लाल पेन्सिलीने मोठमोठी प्रश्नचिन्हं काढली होती. आपल्या उंदरांत दिसत नाही तोवर ते मानायचं नाही, असा त्यांचा बाणा. काडीने मग आपल्याच उंदरांत बघायचं ठरवलं. बिनओळखीच्या उंदरांच्या सुस्त मारेकरी पेशी काढून तिने रेणूवाल्या उंदरांच्या अंगात सोडल्या.

सोडण्याआधी मावशींनी तिला अडवलं होतं. "अगं, त्या घरचे मारेकरी या पाहुण्यांना जिवंत ठेवतील का? यांच्या अंगावर कुठे रेणू आहेत?"

"म्हणून यजमान असे घेतलेत की त्यांच्यात स्वतःचे मारेकरीच नाहीत," काडी म्हणाली. "सतराव्या फळीवरचे."

"ते होय. गरीब बिचारे," मावशी म्हणाल्या आणि पिंजरा काढून दिला.

दहा दिवसांनी काडीने त्या पेशी परत बाहेर काढून तपासल्या, तर सुस्त पेशी चक्क जाग्या झाल्या होत्या. पोरगी आनंदाने पायऱ्या दोन-दोन चढत वर गेली आणि तासाभराने एकेक मोजत खाली आली.

"सर म्हणतात पिंजरे बदलले असणार. भुसा बदलताना कार्डं इकडची तिकडे झाली, असं."

मावशी बाटल्या धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला. "म्हणजे मी केली."

"नाव नाही घेतलं."

"भुसा आणखी कोण बदलतं इथे?"

वापरलेले उंदीर आता नव्हते, त्यामुळे तपासायलाही काही उरलं नव्हतं. एकतीस वर्षांत त्यांना आळशी म्हणून झालं होतं, तोंडाळ म्हणून झालं होतं, एकदा तर उंदरांना लाडावून ठेवते म्हणून मेमोही मिळाला होता. पण कार्ड चुकवलं, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. घरी त्यांनी भाकरी करपवली. नवऱ्याने मुकाट्याने खाल्ली.

सोमवारी विभागाची बैठक होती. अशा बैठकीला मावशींना कधी बोलावत नसत, पण त्या आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. पंधरा-वीस माणसं. डॉक्टरांनी काडीचा प्रयोग निघाला तसा 'पिंजऱ्यांच्या बाबतीत काही गफलत' असं म्हणून तो विषय बाजूला सारायला घेतला.

"होऊ शकते, साहेब," मावशी म्हणाल्या. "माणूस आहे. चुकू शकतं."

डॉक्टरांना हे अपेक्षित नव्हतं. "तसं नव्हे, मावशी, तुम्हाला उद्देशून..."

"नाही, नाही, बरोबरच आहे तुमचं. म्हणून मी म्हणते, या वेळी तुम्ही स्वतः करा. मी सगळी कार्डं काढून घेते, त्यांच्या जागी दुसरी खूण लावते. कुठला उंदीर कुठला, ते तुम्हालाही कळणार नाही आणि या पोरीलाही. यादी माझ्या कपाटात. प्रत्येकाच्या कानाचा तुकडा शेजारच्या प्रयोगशाळेत तपासायला जाऊ दे, त्यांचं उत्तर बंद पाकिटात. उंदीर पिंजऱ्यातून काढायचं काम तेवढं तुमच्या हातचं हवं. नाहीतर परत म्हणायला जागा राहील, कुणीतरी गफलत केली."

सगळ्यांना ते अगदी शास्त्रशुद्ध वाटलं. दोघातिघांनी माना डोलावल्या. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला फक्त मावशींनी बघितला.

"उंदीर... मी काढायचे," डॉक्टर म्हणाले.

"तुमच्याएवढा विश्वासाचा माणूस दुसरा कोण?"

मंगळवारी डॉक्टरांना बैठक निघाली. बुधवारी पाठ धरली. गुरुवारी शिंका आल्या. मावशी रोज सकाळी वरच्या मजल्यावर फोन लावून त्यांच्या सेक्रेटरीला निरोप देत होत्या. "साहेबांना सांगा, उंदीर वाट बघतायत." गुरुवारी त्यांनी त्यात भर घातली. "आणि सांगा, चौकशी करत होते."

शुक्रवारी डॉक्टर आले. मावशींनी खोली रिकामी करून ठेवली होती, काडीलाही अर्ध्या तासाने यायला सांगितलं होतं. अंगरखा त्यांनी मापाचा दिला. टोपी मात्र फुलाफुलांची दिली आणि पांढऱ्या धुवायला टाकल्यात म्हणाल्या. डॉक्टरांनी ती मुकाट्याने घातली. दुसऱ्या दाराशी ते थांबले आणि त्यांचा हात खिशाकडे गेला.

"फोन मी बाहेरच्या खणात ठेवलाय तुमचा," मावशी म्हणाल्या. "आत न्यायचा नसतो."

डॉक्टरांचा हात खाली आला. मग हळूच म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे."

"अठरा वर्षं."

"विद्यार्थी असताना तोंडी परीक्षेत एक उंदीर माझ्या बाहीतून आत शिरला. परीक्षक समोर बसलेले. मी त्यांना सगळी उत्तरं दिली, मावशी. तो काखेत होता. पहिला नंबर आला माझा."

मावशींना हसू आवरेना. त्या तोंड फिरवून हातमोज्यांच्या खोक्यात काहीतरी शोधत राहिल्या. खरं तर त्या दाराशी उभ्या होत्या तेव्हा त्यांच्या मनात बरंच काही होतं : सगळ्यात चपळ उंदीर आधी हातात द्यायचा, पिंजऱ्याचं झाकण मध्येच सोडून द्यायचं, वगैरे. चार दिवस त्या नुसत्या त्या कल्पनेवर खूश होत्या. पण काखेतला उंदीर घेऊन नीट उत्तरं देणारा तो पोरगा त्यांना दिसला, आणि त्यांनी कोपऱ्यातला शेवटचा पिंजरा ओढला. त्यात एक म्हातारा उंदीर होता. इतका जाड आणि निर्विकार, की त्याला उचललं तरी तो दाणा चावायचं थांबवत नसे.

"याच्यावर सराव करा. शेपटी मुळाशी धरायची, टोकाशी नाही. आणि लगेच दुसऱ्या हातावर टेकवायचा. लोंबकळत ठेवलं की त्यालाही राग येतो."

पाचव्या प्रयत्नाला डॉक्टरांनी तो उचलला. उंदीर त्यांच्या हातमोज्यावर बसून दाणा खात राहिला. डॉक्टर श्वास रोखून उभे होते.

"श्वास घ्या," मावशी म्हणाल्या. "त्याला चालतं."

काडी आली तेव्हा तिला दिसलं ते एवढंच, की फुलाफुलांच्या टोपीतले सर एकामागून एक उंदीर काढून तिच्याकडे देतायत आणि कपाळावर घाम आहे.

पिंजऱ्यांवर मावशींनी नातीने काढलेली चित्रं चिकटवली होती : हत्ती, मासा, छत्री आणि फुगा. प्रत्येक चित्राचे दोन पिंजरे. एकातल्या उंदरांच्या मारेकरी पेशी काढायच्या, दुसऱ्यातल्यांना द्यायच्या. हत्तीच्या हत्तीला, छत्रीच्या छत्रीला. कुठल्या पेशी साध्या उंदरांच्या आणि कुठल्या बिनओळखीच्यांच्या, कुठलं घर रेणूवालं आणि कुठलं बिनरेणूचं, हे फक्त मावशींच्या यादीत. घरं मात्र सगळीच स्वतःचे मारेकरी नसलेली. काडीकडे एक रंग होता, जो पेशींवर घातला की त्या कुठून आल्या ते लगेच कळलं असतं. मावशींनी ती बाटलीच मागून घेतली आणि स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवली.

दहा दिवस डॉक्टर रोज खाली येऊन गेले. काम काहीच नव्हतं. उंदीर ठीक आहेत ना, एवढं विचारत. तिसऱ्या दिवशी गडबडीत बूट झाकायला विसरले, आणि वहीत सही करून वर गेले.

अकराव्या दिवशी पेशी काढल्या, मारायला डिवचून बघितल्या आणि यंत्रातून मोजल्या. डॉक्टरांनी स्वतः आकडे लिहिले. हत्ती आणि मासा, दोन्ही पेशी तरतरीत. छत्री आणि फुगा, दोन्ही सुस्त. डॉक्टरांनी चष्मा काढला. दोन जाग्या, दोन सुस्त, हेच तर ते म्हणत होते. साध्या उंदरांच्या पेशी कुठेही नेल्या तरी जाग्या, बिनओळखीच्यांच्या कुठेही नेल्या तरी सुस्त. काडीचा चेहरा एवढासा झाला.

"मावशी, यादी आणा," डॉक्टर म्हणाले.

"माझी जेवायची वेळ झालीय, साहेब."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"डबा गार होतो. तोवर तुम्ही एका कागदावर लिहून ठेवा, कुठल्या चित्राच्या पेशी कुणाच्या. सही करा खाली."

डॉक्टरांनी आनंदाने लिहिलं. हत्ती, मासा : साधे. छत्री, फुगा : बिनओळखीचे. खाली झोकदार सही केली, तारीख घातली. मावशींनी सावकाश डबा खाल्ला, धुतला, पुसला आणि मग यादी घेऊन आल्या. पाकीटही काडीच्या हातात दिलं.

"वाच," त्या म्हणाल्या.

काडीने वाचलं. मासा, साध्यांच्या पेशी, रेणूवाल्या घरी. फुगा, बिनओळखीच्यांच्या पेशी, बिनरेणूच्या घरी. डॉक्टर मान डोलावत होते. "हत्ती," काडी वाचू लागली आणि अडखळली. "हत्ती, बिनओळखीच्यांच्या पेशी. रेणूवाल्या घरी."

"पुन्हा वाच," डॉक्टर म्हणाले.

तिने पुन्हा वाचलं. हत्ती तर जागा होता. राहिली छत्री. साध्या उंदरांच्या तरतरीत पेशी, बिनरेणूच्या घरी धाडलेल्या, आणि दहा दिवसांत सुस्तावलेल्या. म्हणजे पेशी कुठे जन्मल्या याने काही फरक पडलाच नव्हता. कुठे राहिल्या त्याने पडला होता. पाकीट फोडलं, त्यातले कानाच्या तुकड्यांचे निकाल यादीशी एकेक करून जुळले.

डॉक्टर बराच वेळ आपल्याच सहीकडे बघत बसले. मावशींना वाटलं होतं की या क्षणी आपल्याला फार मजा येईल. आली, पण थोडीच. समोरच्या माणसाने वर्षानुवर्षं शिकवलेलं एक वाक्य आत्ता त्याच्या हातातून निसटलं होतं, आणि तो ते पकडायला धावत नव्हता, हे बघून त्या उगाच उठल्या आणि त्याच्यासाठी चहा घेऊन आल्या.

"कार्डांबद्दल मी जे बोललो," डॉक्टर म्हणाले, "ते चूक होतं. सोमवारी सगळ्यांसमोर बोललो होतो, तसंच सगळ्यांसमोर सांगेन."

"सांगा. मी येते ऐकायला."

त्यांनी खरंच सांगितलं. सोमवारच्या बैठकीत उभं राहून, आधी मावशींची माफी, मग काडीची, मग हत्ती आणि छत्री. टोपीचा विषय मात्र कुणी काढला नाही. काडीने काढायला तोंड उघडलं होतं, पण मावशींनी तिच्याकडे असं बघितलं की ते मिटलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, कुणाला काही विचारायचंय का. नेहमीसारखं कुणालाच नव्हतं. दाराजवळच्या खुर्चीवरून मावशींनी हात वर केला.

"शिकायला दहा दिवस लागतात म्हणालात. पण आपण बघितलंच दहा दिवसांनी. तिसऱ्या दिवशी कुणी बघितलं?"

डॉक्टरांनी काडीकडे पाहिलं, काडीने वहीकडे.

"कुणीच नाही," डॉक्टर म्हणाले. "मावशी, रेणूवाले किती आहेत आपल्याकडे?"

"सतराव्या फळीवर अकरा. सहा पिल्लं पुढच्या आठवड्यात तयार होतील."

"मग उद्या सकाळी नऊला," डॉक्टर म्हणाले. "मीच काढतो उंदीर."